घरजावई समुद्राचा

हलकाफुलका सिनेमा बघून आलेल्याला ‘कसा होता?’ विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘टाइमपास आहे, एकदा बघायला हरकत नाही.’ विषय खरं तर तिथेच संपावा. पण चहा येतो आणि त्याच टाइमपासवर पाऊण तास हुज्जत चालते. ती त्याला आधीच का सांगत नाही? तो नियम मध्येच कुठून उपटला? शेवटी तो गेला ते प्रेम म्हणायचं की खुळेपणा? गंभीर सिनेमाबद्दल माणसं दोन वाक्यं आदराने बोलतात आणि पानावर बसतात. भांडतात ती असल्या सिनेमांवरून.

मार्च १९८४ मध्ये आलेला ‘स्प्लॅश’ हा अशा भांडणासाठी फार सोयीचा सिनेमा आहे. परक्या जागी येऊन पडलेलं माणूस, त्याची फजिती आणि त्या फजितीतून जुळलेलं प्रेम, या साच्यातले सिनेमे ढिगाने निघाले. खेडवळ नायक महानगरात, राजकन्या गल्लीबोळात, गेल्या शतकातला सरदार या शतकात. इंग्रजीत या साच्याला पाण्याबाहेरचा मासा म्हणतात. रॉन हॉवर्डच्या या सिनेमाने ते नाव शब्दशः घेतलं आणि नायिकेच्या जागी खरीखुरी जलपरी आणून बसवली.

गोष्ट थोडक्यात अशी. ॲलन (टॉम हँक्स) भावाबरोबर न्यूयॉर्कमध्ये फळं-भाजीपाल्याचा घाऊक धंदा करतो. आठ वर्षांचा असताना केप कॉडला बोटीवरून त्याने पाण्यात उडी घेतली होती, पाण्याखाली एक मुलगी भेटली होती आणि वर काढल्यावर तो ते विसरून गेला होता. आता वीस वर्षांनंतर त्याला पोहता येत नाही आणि प्रेमही जमत नाही. मैत्रीण सोडून गेल्यावर तो पुन्हा केप कॉडला जातो, पुन्हा पाण्यात पडतो आणि एक अनोळखी बाई (डॅरिल हॅना) त्याला किनाऱ्यावर आणून टाकते. त्याचं पाकीट समुद्रात राहतं. ते पाकीट घेऊन ती न्यूयॉर्क गाठते आणि स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याशी, पर्यटकांच्या गर्दीत, अंगावर कपडा नसताना पाण्यातून वर येते. पोलीस पाकिटातल्या नावावरून ॲलनला बोलावून घेतात. तिच्यापाशी पौर्णिमेपर्यंतचे सहा दिवस आहेत. त्यानंतर राहिली तर परतीची वाट बंद. हे तिला ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक आहे, ॲलनला नाही.

मराठी माणसाला या साच्याशी एक जुनी अडचण आहे. पाण्याबाहेरची मासोळी आपल्याकडे हसवत नाही. तुकोबांच्या अभंगात ‘जीवनावेगळी मासोळी’ तळमळते, आणि त्याच अभंगाची सुरुवात सासरी निघालेल्या, मागे वळून वळून पाहणाऱ्या मुलीने होते. जीवन म्हणजे आयुष्य आणि जीवन म्हणजे पाणीही, हा श्लेष मराठीला न मागता मिळालेला आहे. इंग्रजी माशाची फजिती होते, मराठी मासोळीचा जीव जातो. म्हणून हा सिनेमा बघताना आपल्याकडचा प्रेक्षक हसता हसता एक हिशेब मनात ठेवतो: या संसारासाठी घर कोण सोडणार? त्या हिशेबाशी आपण शेवटी येऊ. आधी हसण्याचं यंत्र उघडून बघू.

अशा सिनेमाचा पहिला भाग म्हणजे नियम. ‘स्प्लॅश’चा नियम एका ओळीत मावतो: अंग कोरडं असलं की पाय, ओलं झालं की शेपूट. इतका छोटा नियम सुचायला फार डोकं लागतं. त्यात अपवाद नाही, मंत्र नाही, अंगठी नाही, आणि तो प्रेक्षकाला एकदा दाखवला की पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. त्यानंतर पडद्यावर नुसता पाण्याचा पेला दिसला तरी पोटात गोळा येतो. दिग्दर्शकाला वेगळा धोका उभा करावा लागत नाही. शहरात पाणी सगळीकडे आहेच. या जातीचे जे सिनेमे फसतात, त्यांतले निम्मे इथेच फसतात. नियम मोठा असतो, मध्यंतरापर्यंत समजावणं चालू राहतं, आणि नंतर लेखक स्वतःच तो मोडतो.

‘स्प्लॅश’चा सगळ्यांना आठवणारा प्रसंग याच नियमावर उभा आहे. ती टबात पाणी भरते, त्यात मीठ ओतते आणि शेपूट पसरून निवांत पडते. बाहेर ॲलन दार ठोठावतो. आता शेपूट सुकल्याशिवाय पाय येणार नाहीत, आणि पाय आल्याशिवाय दार उघडता येणार नाही. या प्रसंगावर चिकित्सक प्रेक्षकांचे दोन आक्षेप असतात. पहिला मिठाच्या मापाचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. टबात दीडशे लिटर पाणी धरलं तर सव्वापाच किलो मीठ हवं, म्हणजे किलोच्या पाच पिशव्या आणि वर पावशेर. एवढं मीठ कुणाच्या स्वयंपाकघरात नसतं, लोणच्याच्या दिवसांतसुद्धा. दुसरा आक्षेप जास्त बारकाईचा: पुढे नळाच्या गोड्या पाण्याच्या फवाऱ्यानेही तिला शेपूट येते, मग मीठ कशाला?

आक्षेप बरोबर आहे आणि त्याच्या पोटातच उत्तर आहे. शेपटीला मीठ लागतच नाही. मीठ तिला लागतं. लग्न होऊन लांब गेलेली मुलगी पहिल्या आठवड्यात गोडा मसाला कुठे मिळतो ते शोधते, तसं तिने बाथरूमचं दार लावून परक्या शहरात मूठभर माहेर कालवलेलं आहे. सिनेमा हे बोलून दाखवत नाही, शेपूट दाखवतो आणि दार ठोठावतो. हसू येतं ते दारामुळे. प्रसंग लक्षात राहतो तो मिठामुळे.

शेपटीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ‘जुन्या काळातली असूनही खोटी वाटत नाही’ हे मत जवळजवळ प्रत्येक जण देतो. रॉबर्ट शॉर्टने बनवलेली ती शेपूट नुसती दिसण्यापुरती नव्हती, ती घालून हॅना खरोखर पोहत होती. पाण्याखालचं चित्रण बहामाच्या समुद्रात झालं. आता एक गंमत बघा. माशाची शेपूट उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. जलपरीची शेपूट आडवी आणि वर-खाली हलणारी, म्हणजे डॉल्फिनची. कारण साधं आहे. दोन पाय एकत्र बांधलेल्या माणसाचं कंबर आणि गुडघ्यातलं वळण पुढे-मागेच होतं. माशासारखी बाजूला झोकांडी देता येत नाही. तेव्हा शास्त्राने पाहिलं तर आपली मासोळी मासोळी नव्हेच, सस्तन प्राणी आहे. चित्रकारांनी शतकानुशतकं माशाचे खवले काढले आणि हालचाल डॉल्फिनची दिली. कुणाची तक्रार नाही.

पाण्याखाली असं काम करताना शॉटची लांबी संवाद ठरवत नाहीत, श्वास ठरवतो. नट पाणबुड्याच्या नळीतून हवा घेतो, नळी सोडतो, पाणबुड्या चौकटीबाहेर सरकतो, बुडबुडे विरेपर्यंत सगळे थांबतात आणि मग कॅमेरा फिरतो. जलपरीच्या नाकातून तर एकही बुडबुडा निघता कामा नये, नाहीतर ती बुडणारी बाई दिसेल. डोळे उघडे हवेत, पापणी फडफडायला नको, चेहऱ्यावर सुख हवं. खाऱ्या पाण्यात डोळे उघडून पाहिलेल्यांना याचं मोल कळेल. हाताशी उरतात काही सेकंद. तिथली दृश्यं तुकड्यातुकड्यांची आणि तरीही शांत वाटतात, ते संकलनाचं काम आहे. आज संगणकावर लांबच लांब शॉट मिळतो, पण त्यात पाण्याचा अडथळा दिसत नाही. केस उशिरा मागे येतात, हात उशिरा वळतो, तो उशीर म्हणजेच पाणी.

आता सर्वांत जास्त टोचणारा मुद्दा. ती ब्लूमिंगडेल्सच्या दुकानात टीव्हीच्या भिंतीसमोर एक दुपार काढते आणि संध्याकाळपर्यंत इंग्रजी बोलायला लागते. ‘आम्ही दहा वर्षं शाळेत शिकून अडखळतो’ ही मराठी प्रेक्षकाची प्रतिक्रिया अगदी न्याय्य आहे. पण लेखकाच्या बाजूने विचार करून बघा. मुक्या पाहुणीचे विनोद मोजके असतात: कपडे उलटे, वस्तूंचा भलता वापर, अनोळखी माणसाला मिठी. पाऊण रीळ पुरतील एवढेच. त्यानंतर प्रेक्षक कंटाळतो, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला तिची कीव यायला लागते. कीव आली की प्रेमकथा मेली. भाषा तर द्यायलाच हवी, आणि ती शिकण्याचे महिने सहा दिवसांच्या मुदतीत बसत नाहीत. अशा वेळी थाप जितकी मोठी तितकी ती पटकन गिळली जाते. तीन दिवसांत शिकली असं दाखवलं असतं तर प्रत्येक दिवसाचा हिशेब मागितला गेला असता. एका दुपारीत शिकली म्हटल्यावर माणूस हसतो आणि पुढे जातो.

याच जागी तिचं खरं नाव काय, तेही कळतं. ती ते तिच्या भाषेत उच्चारते आणि दुकानातल्या टीव्हीच्या काचा फुटतात. मग रस्त्याने चालताना पाटी वाचून ती ‘मॅडिसन’ हे नाव पसंत करते. ॲलन म्हणतो, हे काही नाव नव्हे. मॅडिसन ॲव्हेन्यू, राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांच्या आडनावावरून पडलेलं रस्त्याचं नाव. आपल्याकडे पुण्यात उतरलेल्या जलपरीने पाटी वाचून ‘मी फर्ग्युसन’ म्हणावं, तसा तो विनोद होता. १९८४ च्या अमेरिकेत थिएटर हसलं. आणि पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, मॅडिसन हे नाव अमेरिकेतल्या मुलींच्या पहिल्या हजार नावांत आलं. २००१ आणि २००२ मध्ये ते देशात दुसऱ्या क्रमांकावर होतं. आज तिकडचा विशीतला प्रेक्षक या प्रसंगी नुसता बघत राहतो. त्याच्या वर्गात दोन मॅडिसन होत्या, ॲलनला हे नाव विचित्र का वाटतंय ते त्याला कळत नाही. विनोद शिळा झाला असं म्हणता येणार नाही. तो इतका चालला की त्याने स्वतःच्या पायाखालची फळी काढून घेतली.

मराठी प्रेक्षकाला मात्र इथे वेगळंच काही आठवतं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहिण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर होती, काही घरांत अजून आहे. जुन्या नावात काय खोट होती, असं तिने विचारायचं नसतं. मॅडिसनच्या बाबतीत निदान काचा तरी फुटत होत्या. आणि तिने नवं नाव स्वतः निवडलं, हा फरकही मोठा आहे. परदेशी गेलेल्या ज्ञानेश्वरांचे ‘डॅन’ होतात तेव्हाही साधारण हाच सौदा असतो: तुमच्या जिभेला त्रास नको म्हणून माझं नाव मी घरी ठेवतो.

मग शेवंड, म्हणजे लॉबस्टर. चांगल्या हॉटेलात तिच्यापुढे शेवंड येतं आणि ती ते कवचासकट कराकरा चावते. आजूबाजूची मंडळी गारठतात. हा विनोद न्यूयॉर्कच्या टेबलावर पूर्ण आवाजात वाजतो, वेंगुर्ल्याच्या पडवीत अर्ध्या. कारण कुर्लीची नांगी दाताखाली फोडणं, डेंगा चोखून पांढरा करणं, हे तिथे सभ्यपणाच्या आड येत नाही. उलट चिमटा-कात्री घेऊन बसलेल्या पाहुण्याकडेच सगळे बघतील. मासा विचित्र दिसतो तो तळ्यातल्या रिवाजाशी ताडून. तळं बदललं की हसण्याची जागाही सरकते. अशा सिनेमांवरची मतं गावोगाव वेगळी येतात त्याचं हेही एक कारण. तरीही कवच गिळणं जरा जास्तच, एवढं मालवणकरही मान्य करतील.

प्रेक्षकांच्या मतांत एक मत फार वजनदार माणसाचं आहे. समीक्षक रॉजर ईबर्टने या सिनेमाला चारपैकी दीड तारे दिले. त्याचं म्हणणं असं की नायकाच्या जागी हँक्स नको होता, भावाची भूमिका करणारा गुबगुबीत जॉन कँडी हवा होता. जलपरी अशा माणसाच्या प्रेमात पडली तर खरी गंमत. मत चतुर आहे आणि साच्याचं गणित ओळखून केलेलं आहे: जोडी जितकी विजोड, तितकी मजा. पण माझ्या मते तो इथे चुकला. आपल्या वगात राजा गंभीर चेहऱ्याने ‘मग काय झालं?’ विचारतो म्हणून सोंगाड्याची कोटी उठते. राजाही सोंग आणायला लागला तर धक्का कुणाला बसणार? ती शेवंड चावत असताना समोर कँडी असता तर त्याने तिच्याबरोबरीने चावलं असतं. हसलो असतो, पण तिची चोरी पकडली जाईल ही धास्ती वाटली नसती. हँक्स लाजतो, इकडेतिकडे बघतो, सावरून घेतो. त्या सावरण्यात प्रेम दिसतं.

कँडीच्या फ्रेडीबद्दल मात्र आजचा प्रेक्षक हात आखडता घेतो, आणि ते योग्यच आहे. लहानपणी चिल्लर खाली टाकून बायकांच्या स्कर्टखाली डोकावण्याची त्याची खोड मोठेपणीही तशीच दाखवली आहे आणि सिनेमा त्याकडे लाडाने बघतो. चाळीस वर्षांपूर्वी यावर हशा होता, आता कुणीतरी घसा खाकरतं. अडचण अशी की सगळ्या सिनेमातलं शहाणपणाचं एकमेव भाषण याच माणसाच्या तोंडी आहे. जलपरी उघडी पडल्यावर ॲलन तिच्याकडे पाठ फिरवतो, तेव्हा त्याला झाडणारा हाच. काही जण म्हणतात, असल्या माणसाने हे सांगावं? काहींना तेच आवडतं, कारण घरोघरी खरं सुनावणारा बहुधा असाच एखादा वाया गेलेला काका असतो. मी दुसऱ्या बाजूचा, पण चिल्लरवाला विनोद कापला असता तर बिघडलं नसतं.

त्याहून गंभीर तक्रार नायिकेबद्दलची. देह पूर्ण वाढलेल्या बाईचा आणि मन कालच जन्मलेल्याचं. तिला जगाची माहिती नाही, पूर्वीचा कुणी प्रियकर नाही, आणि समोर आलेला पहिलाच साधारण पुरुष तिला थोर वाटतो. अशा नायिका सिनेमांत इतक्या आल्या की हे पुरुषांचं दिवास्वप्न आहे असं आता उघड बोललं जातं. ‘स्प्लॅश’वर हा आळ अर्धा बसतो. तिला बोलता येण्याआधीच दोघांची जवळीक होते, तो भाग आज बघताना खरोखर अवघड जातो. पण बोलायला लागल्यापासून पारडं फिरतं. गुपित तिच्याकडे आहे. मुदत तिला ठाऊक आहे. जीव तिने वाचवलेला आहे. लग्नाला ती आधी नाही म्हणते आणि का ते सांगत नाही. प्रेक्षकाला लेखकांनी तिच्या बाजूला, बाथरूमच्या आतल्या अंगाला बसवलेलं आहे. बाहेर दार ठोठावणारा भाबडा तो आहे. सिनेमाने जाणून केलं की ओघात झालं, देव जाणे, पण गुपित कुणाकडे आहे यावरून कथेतला मोठा कोण ते ठरतं.

२०२० मध्ये या सिनेमाला आणखी एक प्रेक्षक भेटला: स्वतः मालक कंपनी. डिस्ने म्हणजे मुलांचे सिनेमे हे समीकरण इतकं घट्ट होतं की मोठ्यांसाठी सिनेमे काढायला त्यांनी १९८४ मध्ये टचस्टोन हे वेगळं नाव घेतलं, आणि त्या नावाचा पहिला सिनेमा होता ‘स्प्लॅश’. तो चालला, अमेरिकेत सुमारे ७ कोटी डॉलरचा धंदा केला. पुढे छत्तीस वर्षांनी तो डिस्नेच्याच ‘डिस्ने प्लस’ या इंटरनेटवरच्या सेवेवर आला तेव्हा किनाऱ्यावरून समुद्राकडे पळणाऱ्या नायिकेची पाठ झाकायला संगणकाने तिचे केस लांबवलेले निघाले. काम इतकं ढोबळ की केसांऐवजी लव उगवल्यासारखी दिसत होती. लोकांनी ते हेरलं, तुकडा सगळीकडे फिरला आणि टिंगल झाली. झाकण्यामुळेच त्या जागी सगळ्यांचं लक्ष गेलं. मुळात ज्या शंकेपायी वेगळी पाटी लावली होती, तीच शंका घरात परत येऊन बसली.

‘संथ आहे’ हे मतही हल्ली फार ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण दोष निम्मा मोबाइलचा. विनोदी सिनेमा भरलेल्या थिएटरच्या अंदाजाने कापला जातो. हशा उसळला की पुढचं वाक्य बुडू नये म्हणून नटाच्या चेहऱ्यावर क्षणभर थांबायचं, नुसती हालचाल ठेवायची आणि आवाज ओसरला की पुढे जायचं. ती मोकळी जागा हजार लोकांसाठी ठेवलेली असते. रात्री अंथरुणात एकट्याने, कानात तार घालून बघणाऱ्याला ती जागा रिकामी दिसते. चार माणसं जमवून बघा, त्याच जागा भरून येतात.

यूजीन लेव्हीचा कॉर्नब्लथ हे पात्र या मोकळ्या जागांवरच वाढलेलं आहे. जलपरी खरी आहे हे सिद्ध करायला निघालेला हा शास्त्रज्ञ भलत्याच माणसांवर पाणी उडवतो, मार खातो आणि दर वेळी अंगावर आणखी एक पट्टी, आणखी एक प्लास्टर घेऊन परत येतो. मार खाणाऱ्याच्या विनोदात रडणं दाखवायचं नसतं, फक्त वाढत जाणारं प्लास्टर दाखवायचं. आणि मग एकदाचं पाणी योग्य माणसावर पडतं, भर गर्दीत, कॅमेऱ्यांसमोर. ज्या क्षणाची आपण तासभर हसत वाट बघितली तो येतो आणि हसूच येत नाही. रस्त्यावर शेपूट आपटत पडलेली ती जीवनावेगळी मासोळी, आणि भोवती पाणी सांडलेलं. टबातलं पाणी माहेर होतं, हे पाणी हत्यार आहे. तिला काचेच्या हौदात ठेवतात तेव्हा ती पाण्यात असूनही झुरते. कॉर्नब्लथचा चेहरा इथे पडतो तो लेव्हीचा खरा अभिनय. सिद्धांत खरा ठरला आणि माणूस खजील झाला.

आता तो राहिलेला हिशेब. जलपरीची जी जुनी गोष्ट जगाला माहीत आहे, हान्स आंदरसनची १८३७ सालची, त्यात ती पायांसाठी जीभ देते, प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखं दुखतं, आणि राजपुत्र दुसरीशी लग्न करतो. ती फेस होऊन जाते. सगळी किंमत तिने भरायची, त्याला पत्ताही नाही. ‘स्प्लॅश’च्या लेखकांनी जीभ काढून घेण्याऐवजी दिली, आणि शेवटचं बिल दुसऱ्याच्या ताटाशी सरकवलं. मागे फौज लागलेली, गोदीचा कठडा, खाली पाणी. ती सांगते, माझ्याबरोबर येता येईल, लहानपणी आला होतास तसं; पण मग परत येता येणार नाही. धंदा, भाऊ, शहर, सगळं वर राहील. पोहता न येणारा ॲलन उडी मारतो.

इथे प्रेक्षक उभे दुभंगतात. एक गट म्हणतो, हा सुखान्त नव्हेच. भावाला कायमचा सोडून कुणी जातं का? दुसऱ्या गटाचा मुद्दा कायद्याचा: तिला जमिनीवर येऊन परत जाता येतं, मग त्यालाच बंदी का? पौर्णिमेची अट तिच्यासाठी सहा दिवस आधी सांगितली होती, त्याची अट मात्र कठड्यावर, शेवटच्या मिनिटाला निघाली. पटकथेची शिवण इथे उसवलेली दिसते हे मान्य. पण पहिल्या गटाला एवढंच विचारावंसं वाटतं की हीच उडी तिने जमिनीकडे मारली असती, आई-बाप-समुद्र कायमचा सोडून ती न्यूयॉर्कमध्ये राहिली असती, तर तुम्ही तिला सुखान्त म्हटलं असतं की नाही? सिनेमाभर तिची तीच तयारी चालली होती आणि कुणाला त्यात शोकान्त दिसला नव्हता. मुलगी सासरी जाते, तिने मागे वळून पाहायचं, बाकीच्यांनी जेवणावळी उठवायच्या. जावई सासरी निघाला की त्याला आपल्याकडे एक खास शब्द आहे, आणि तो उच्चारताना नाक थोडं वर जातं.

घरजावई. तोही समुद्राचा. केळी-संत्र्यांचा घाऊक व्यापारी तिथे कसला धंदा करणार, हा प्रश्न चहाच्या टेबलावर हमखास निघतो. सिनेमा त्याला उत्तर देत नाही. दोघं पोहत खाली जातात, दूर जलनगरी दिसते आणि नावं सरकू लागतात.

१९८८ मध्ये याच गोष्टीचा पुढचा भाग टीव्हीसाठी काढला गेला, दुसरे नट घेऊन. त्यात दोघं एका बेटावर राहताना दिसतात, आणि भावाच्या धंद्याला हातभार लावायला ॲलन बायकोसह न्यूयॉर्कला परत येतो. परत येता येणार नाही असं ज्या कठड्यावर बजावलं होतं, त्याचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. चार वर्षांतच जावईबापू आपल्या घरी.